सॉलिड एलिमेंट ऑपरेशन अडलं तर काय तपासायचं: उतारावरच्या कौलारू घराचं मॉडेल

सपाट प्लॉटवरची चौकोनी इमारत आर्किकॅडमध्ये (इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायच्या सॉफ्टवेअरमध्ये) भिंत, स्लॅब आणि कॉलम एवढ्या तीन टूलवर उभी राहते. कोकणातलं घर तसं उभं राहत नाही. जमीन उतरती असते, जोतं रस्त्याच्या बाजूला दोन फूट तर समुद्राच्या बाजूला पुरुषभर उंच असतं. वर दोन पाखांचं कौलारू छप्पर, खालून येणारी पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट), परसात विहीर. यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत एका घन वस्तूनं दुसरी कापावी लागते, आणि हे काम सॉलिड एलिमेंट ऑपरेशन्स करतं. शिकणारा पहिल्यांदा अडतो तोही इथेच. भिंतीचा तुकडा छपरावर तरंगतो, ओटीत माती दिसते, विहिरीला तळ राहत नाही, किंवा काहीच कापलं जात नाही.

या अडचणींची कारणं फार नाहीत. बहुतेक वेळा दोष सॉफ्टवेअरमध्ये नसतो. कापणारी आणि कापली जाणारी वस्तू यांचं नातं चुकीचं जोडलेलं असतं, नाहीतर दोघींपैकी एकीचा आकार नीट बंद नसतो. शोध याच क्रमानं घ्यायचा: आधी नातं, मग आकार. उलट क्रमानं गेलात तर चांगल्या भिंती पुसून पुन्हा काढण्यात दुपार जाते.

खालची सगळी उदाहरणं एकाच काल्पनिक घराची आहेत. जांभ्याच्या चिऱ्याच्या ३०० मिमी जाडीच्या भिंती, बाहेरून बाहेर ७.२ मीटर रुंदी, छपराचा उतार ३० अंश, प्लॉटचा उतार १८ मीटरमध्ये ३.२ मीटर.

नातं कसं जुळतं

डिझाइन मेनूमध्ये सॉलिड एलिमेंट ऑपरेशन्सचं पॅलेट आहे (काही आवृत्त्यांत ते कनेक्टच्या पोटात सापडतं). जी वस्तू कापली जाणार ती टार्गेट, जी कापणार ती ऑपरेटर. आधी टार्गेट सिलेक्ट करून पॅलेटमध्ये टार्गेट म्हणून घ्या, मग ऑपरेटर सिलेक्ट करून ऑपरेटर म्हणून घ्या, क्रिया निवडा आणि एक्झिक्यूट दाबा. क्रिया पाच आहेत: सबट्रॅक्शन, वरच्या दिशेनं वाढवून सबट्रॅक्शन, खालच्या दिशेनं वाढवून सबट्रॅक्शन, इंटरसेक्शन आणि ॲडिशन.

हे नातं जिवंत राहतं, ही गोष्ट सगळ्यात आधी पक्की करा. ऑपरेटर हलवला की कापाची जागा हलते. ऑपरेटर पुसला की काप नाहीसा होतो आणि भिंत पहिल्यासारखी पूर्ण होते. ऑपरेटरचा लेयर बंद केला तरी काप मात्र टिकतो. म्हणून ऑपरेटर पुसायचा नाही, लपवायचा. पहिल्याच दिवशी ऑपरेटरसाठी वेगळा लेयर करा, त्याला 'कापणारे' असं सरळ नाव द्या, आणि लेयर सेटिंगमध्ये तो वायरफ्रेम करून ठेवा. थ्रीडीमध्ये त्याच्या फक्त रेषा दिसतात, मागचा काप झाकला जात नाही, आणि कुठला काप कशामुळे झाला ते एका नजरेत कळतं. काम संपलं की लेयर बंद करायचा.

काहीच कापलं गेलं नाही, तर

सुरुवात पॅलेटमधल्या आकड्यापासून करा. टार्गेट आणि ऑपरेटर घेताना किती वस्तू घेतल्या गेल्या ते तिथे दिसतं. एक भिंत निवडली आणि आकडा सात आला, तर ती भिंत ग्रुपमध्ये आहे. ऑल्ट आणि जी दाबून ग्रुप तात्पुरते स्थगित करा आणि पुन्हा निवडा. आकडा शून्य आला तर वस्तू लॉक आहे, तिचा लेयर लॉक आहे, किंवा टीमवर्क फाइलमध्ये (अनेकांनी मिळून वापरायच्या फाइलमध्ये) ती तुमच्या नावावर रिझर्व्ह नाही.

आकडे बरोबर असतील तर दिशा पाहा. छपरालाच भिंतीच्या रुंदीची खाच पडली असेल, तर टार्गेट आणि ऑपरेटरची अदलाबदल झाली आहे. अनडू करून उलट घ्या.

दिशाही बरोबर असेल तर एक सेक्शन, म्हणजे उभा छेद, काढा आणि दोन्ही वस्तू खरोखर एकमेकींत शिरल्या आहेत का ते पाहा. प्लॅनवर एकावर एक दिसणाऱ्या वस्तू उंचीत वेगवेगळ्या असू शकतात. ऑपरेटर वेगळ्या स्टोरीवर (मजल्यावर) काढला गेला असेल तर तो तीन मीटर वर तरंगत असतो आणि प्लॅनवर त्याचा पत्ता लागत नाही.

आणि प्लॅनवरच पाहून 'कापलं नाही' असा निष्कर्ष काढू नका. स्लॅब आणि मेश (जमिनीचा चढउतार दाखवणारी वस्तू) यांचा काप थ्रीडीत आणि सेक्शनमध्ये दिसतो, प्लॅनवर उमटत नाही. परवानगीच्या नकाशात विहिरीची किंवा खोदाईची कड दाखवायची असेल तर ती रेषेनं किंवा फिलनं वेगळी काढावी लागते. याला पर्याय शोधत बसू नका, काढून मोकळे व्हा.

उलट तक्रारही येते: पॅलेटमध्ये नातं दिसत नाही, तरी एक वस्तू दुसरीला कापते. हे सॉलिड ऑपरेशन नव्हे. आर्किकॅड १७ पासून बिल्डिंग मटेरियलला ० ते ९९९ अशी प्राधान्य-संख्या असते, आणि दोन वस्तू एकमेकींत शिरल्या की जास्त संख्येचं मटेरियल कमी संख्येच्या मटेरियलला कापतं. तसं नको असेल तर मटेरियलची संख्या बदला किंवा दोन्हींच्या लेयरना वेगवेगळा इंटरसेक्शन क्रमांक द्या.

भिंत आणि पाख

त्रिकोणी भिंत छपराखाली नेमकी बसवायची असते. आधी उंचीचा हिशेब करा. रुंदी ७.२ मीटर म्हणजे मध्यापर्यंत ३.६ मीटर. ३० अंशाला चढ येतो ३.६ गुणिले ०.५७७, म्हणजे २.०८ मीटर. बाजूच्या भिंतीवर छप्पर ३ मीटरवर टेकत असेल तर आढ्याखाली ते ५.०८ मीटरवर असेल. म्हणून त्रिकोणी भिंत आधी ५.३ मीटर उंच चौकोनी काढा आणि मग कापा. कापून वस्तू लहान होते, वाढत नाही. भिंत ४.५ मीटर काढलीत तर आढ्याखाली भगदाड राहणार, आणि त्याचा दोष ऑपरेशनला देता येणार नाही.

बाजूच्या भिंतीलाही हाच नियम लागू आहे, आणि तिथे तो हमखास विसरला जातो. ३०० मिमी जाडीत छप्पर १७३ मिमी चढतं. भिंतीची बाहेरची कड ३ मीटरला छपराला भिडली, तरी आतली कड भिडायला ३.१७३ मीटर उंची लागते. भिंत ३.४ मीटर काढा.

आता टार्गेट भिंत, ऑपरेटर छप्पर, आणि क्रिया 'वरच्या दिशेनं वाढवून सबट्रॅक्शन'. साधं सबट्रॅक्शन निवडलं तर फक्त छपराच्या जाडीएवढा भाग जातो आणि कौलांच्या वर भिंतीचा तुकडा तरंगत राहतो. वरच्या दिशेनं वाढवल्यावर छपराच्या खालच्या बाजूपासून वरचं सगळं जातं.

यानंतरही दोन जागी उरलेले अवशेष दिसतात. पहिली जागा छपराच्या कडेला. कापणारा भाग छपराच्या कडेबरोबर थांबतो. भिंत त्या कडेच्या बाहेर दोन मिलिमीटर जरी आली, तरी तेवढी दोन मिलिमीटर जाडीची पाती पूर्ण ५.३ मीटर उंच उभी राहते. पागोळ्यांच्या बाजूला पावसासाठी छप्पर ८०० ते ९०० मिमी पुढे काढलेलं असतं, म्हणून तिथे हे होत नाही. त्रिकोणी भिंतीच्या बाजूला छपराची कड भिंतीबरोबर ठेवलेली असली की हमखास होतं. छप्पर त्या बाजूलाही भिंतीच्या बाहेर घ्या. प्रत्यक्ष घरातही तिथे छप्पर बाहेर काढावंच लागतं, नाहीतर वाऱ्याबरोबर येणारा पाऊस त्रिकोणी भिंतीवर थेट बसतो.

दुसरी जागा आढं. दोन्ही पाख वेगवेगळ्या सिंगल-प्लेन रूफनं काढले आणि ते वर नीट जुळवले नाहीत, तर त्यांच्यामध्ये केसाएवढी फट राहते. दोन्ही छपरांनी भिंत कापली तरी फटीखालची भिंत कोणीच कापत नाही. थ्रीडीत आढ्यातून एक पातळ सुळका वर आलेला दिसतो, आणि झूम केल्याशिवाय ती एखादी चुकार रेषाच वाटते. ती रेषा समजून पुसायला जाऊ नका, कारण ती भिंतच आहे. नव्या माणसानं दोन पाखांसाठी मल्टी-प्लेन रूफ वापरावं. दोन्ही पाख एकाच वस्तूत येतात आणि आढ्याला फटच राहत नाही.

इथे एक ठाम मत आहे. भिंत आणि छप्पर यांच्यासाठी सॉलिड ऑपरेशन हा दुसरा पर्याय असावा. 'ट्रिम टू रूफ' ही आज्ञा याच कामासाठी आहे: छप्पर बदललं की भिंती आपोआप बदलतात आणि वेगळा ऑपरेटर सांभाळावा लागत नाही. ट्रिम जिथे अडतं, उदाहरणार्थ पडवीचं छप्पर मुख्य भिंतीत अर्धवट शिरतं किंवा भिंतीचा काहीच भाग कापायचा असतो, तिथे सॉलिड ऑपरेशनकडे या.

पृष्ठभागाला पृष्ठभाग चिकटला की गोंधळ

चुकांचं हे सगळ्यात मोठं कारण आहे, म्हणून यावर जास्त वेळ द्या. ऑपरेटरची एखादी बाजू टार्गेटच्या बाजूशी तंतोतंत एका पातळीत आली, तर 'आत काय आणि बाहेर काय' हे प्रोग्रामला ठरवता येत नाही. मग शून्य जाडीचा पापुद्रा राहतो, पृष्ठभाग लुकलुकतो, किंवा अख्खं ऑपरेशन रद्द होतं. दोन पृष्ठभागांत ०.३ मिमीचं अंतर असेल तर आणखी वाईट: पापुद्रा खरा असतो, त्याचं क्षेत्रफळही मोजलं जातं.

उपाय एका वाक्याचा आहे. ज्या बाजूनं आरपार जायचं, त्या बाजूनं ऑपरेटर टार्गेटच्या बाहेर निदान ५० मिमी काढा. ३०० मिमी भिंतीत कोनाडा करायचा असेल तर खोलीकडच्या बाजूला ऑपरेटर ५० मिमी बाहेर असू दे. आतली खोली मात्र नेमकी ठेवा. आरपार झरोका असेल तर ऑपरेटरची लांबी ४०० मिमी, दोन्हीकडे ५०.

पाखाडीत हा दोष सगळ्यात स्पष्ट दिसतो. समजा १२ पायऱ्या आहेत, प्रत्येक १५० मिमी उंच आणि ४५० मिमी रुंद. जमिनीची मेश टार्गेट, बारा स्लॅब ऑपरेटर, क्रिया वरच्या दिशेनं. स्लॅब एकाला एक चिकटवून काढले की दर दोन पायऱ्यांच्या मध्ये मातीचा कागदासारखा पडदा उभा राहतो. इथे ऑपरेटर वाढवायचे, पण कुठल्या बाजूला? वरच्या पायरीचा स्लॅब खालच्या पायरीच्या दिशेनं ५० मिमी ओढा. खालच्या पायरीवरची माती तिच्या स्वतःच्या ऑपरेटरनं आधीच गेलेली आहे, त्यामुळे वरच्याचं अतिक्रमण निरुपद्रवी ठरतं आणि मधला पडदा जातो. उलट केलंत, म्हणजे खालचा स्लॅब वरच्या पायरीत घुसवला, तर वरची पायरी तेवढ्या भागात १५० मिमी खोल खचते.

पातळ्या तंतोतंत आहेत की किंचित सरकलेल्या, हे डोळ्याला दिसत नाही आणि डायमेन्शनही लपवतं, कारण ते गोल आकड्यात लिहिलं जातं. ऑप्शन्समध्ये प्रोजेक्ट प्रेफरन्सेस, तिथे वर्किंग युनिट्स उघडा. लांबीला दोन आणि कोनाला चार दशांश ठेवा. आता ९० अंशाची वाटणारी भिंत ८९.९७०० निघते. फरक क्षुल्लक वाटतो, पण ०.०३ अंशाला ६ मीटर लांबीवर ३.१ मिमीची तिरपी फट पडते. अशा भिंती बहुधा स्कॅन केलेल्या जुन्या नकाशावरून गिरवताना येतात. आधी भिंती सरळ करा, काप नंतर.

जमीन, जोतं आणि विहीर

मेशच्या सेटिंगमध्ये तीन प्रकार आहेत: नुसता पृष्ठभाग, स्कर्टसह, आणि सॉलिड. खोदाई करायची असेल तर सॉलिडच हवा. नुसता पृष्ठभाग कापला की चादरीला भोक पडल्यासारखं दिसतं, कडेला माती नसते आणि आतून आकाश दिसतं.

दुसरी अट खोलीची. विहीर जमिनीपासून ६ मीटर खोल आणि मेशचा तळ तिथून ५ मीटरवरच असेल, तर विहीर आरपार जाते. मेशचा तळ सगळ्यात खोल खोदाईच्या निदान एक मीटर खाली ठेवा. उतारावर ही खोली मेशच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यातून मोजा. वरच्या बाजूनं मोजली की ३.२ मीटरचा उतार हिशेबातून सुटतो.

जोत्यासाठी खोदताना खरा जोत्याचा स्लॅब ऑपरेटर म्हणून वापरण्याचा मोह होतो. साधं सबट्रॅक्शन केलं तर स्लॅबच्या जाडीएवढीच माती जाते आणि चढाच्या बाजूला ओटीत, माजघरात माती फरशीच्या वर आलेली दिसते. त्याऐवजी खोदाईचा वेगळा स्लॅब काढा: तळ खोदाईच्या तळाला, कडा चारही बाजूंनी जोत्याच्या ६०० मिमी बाहेर, कारण गवंड्याला उभं राहायला तेवढी जागा लागते. क्रिया वरच्या दिशेनं. स्लॅबची जाडी काहीही चालते, वरचं सगळं जाणारच आहे. भरावाच्या बाजूला मात्र कापून काही होत नाही. तिथे भरावाची वेगळी मेश किंवा मॉर्फ (हव्या त्या आकारात घडवता येणारी वस्तू) काढून द्या.

खोदाईच्या आधी आणि नंतर मेशचं घनफळ शेड्यूलमध्ये (मापांच्या आपोआप बनणाऱ्या यादीत) वाचा. दोन्हींतला फरक म्हणजे खोदाई. जांभा फोडायचा दर मातीच्या खोदाईपेक्षा वेगळा असतो, त्यामुळे हा आकडा ठेकेदाराशी बोलताना लगेच उपयोगी पडतो. पण तो घ्यायच्या आधी पडदे आणि पापुद्रे साफ झालेले असले पाहिजेत.

विहिरीत गोलाईची अडचण येते. आतला व्यास ३ मीटर, चिऱ्याचं बांधकाम ३०० मिमी, म्हणजे खोदाईचा व्यास ३.६ मीटर. संगणकाला गोल म्हणजे बहुभुज असतो. ऑपरेटर २४ बाजूंचा मॉर्फ असेल तर प्रत्येक बाजूच्या मध्यावर तो खऱ्या वर्तुळापेक्षा सुमारे १५ मिमी आत असतो, आणि ३६ बाजूंना सुमारे ७ मिमी. बांधकामाची गोल भिंत वेगळ्या संख्येच्या तुकड्यांत मोडलेली असली की दोन्ही आकार एकमेकांना पुन्हा पुन्हा छेदतात आणि विहिरीभोवती चंद्रकोरीच्या आकाराच्या पातळ चिपा तयार होतात. ऑपरेटरची त्रिज्या बांधकामाच्या बाहेरच्या त्रिज्येपेक्षा २५ मिमी कमी घ्या, म्हणजे चिरा मातीत थोडा शिरलेला राहील आणि छेद होणार नाहीत.

ड्रोन सर्व्हेवरून मेश केली असेल तर हजारो बिंदू येतात. एकमेकांपासून काही मिलिमीटरवरचे बिंदू सुईसारखे लांबट त्रिकोण बनवतात आणि तिथे ऑपरेशन अडतं. मेश प्लॉटच्या हद्दीपुरती कापा, कंटूर (समान उंचीच्या रेषा) अर्ध्या मीटरच्या अंतरानं ठेवा, दुहेरी रेषा पुसा. घर बसवायला त्याहून बारीक जमीन लागत नाही.

मोजणीची फाइल आणि दूर गेलेलं घर

कोकणात हा दोष वारंवार भेटतो. सर्व्हेअर डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडच्या नकाशाची फाइल) देतो ती बहुधा यूटीएम सहनिर्देशांकांत, म्हणजे पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये जागा सांगणाऱ्या पद्धतीत. संपूर्ण कोकण किनारा झोन (पट्टा) ४३ मध्ये येतो. रत्नागिरीजवळ ईस्टिंग (पूर्वेकडचं अंतर) ३ लाख मीटरच्या वर आणि नॉर्दिंग (उत्तरेकडचं अंतर) १८ लाख ८० हजार मीटरच्या आसपास असतं. ही फाइल जशीच्या तशी घेतली की घर प्रोजेक्टच्या मूळ बिंदूपासून जवळजवळ १,९०० किलोमीटर दूर उभं राहतं. आकड्याचे बहुतेक अंक अंतर सांगण्यातच खर्च होतात, मिलिमीटरसाठी उरत नाहीत. ३२ बिटांच्या गणितात एवढ्या अंतरावर लागोपाठच्या दोन आकड्यांत १२.५ सेंटिमीटरची उडी असते. थ्रीडीत कडा थरथरतात, पृष्ठभाग तुटतात, आणि काल चाललेलं ऑपरेशन आज अडतं.

ओळखायला सोपं आहे. प्लॉटच्या कोपऱ्यावर कर्सर नेऊन मूळ बिंदूपासूनचे सहनिर्देशांक वाचा. लाखांत असतील तर हेच कारण. उपाय: डीडब्ल्यूजी वेगळ्या फाइलमध्ये उघडा, प्लॉटचा एक ओळखीचा कोपरा, म्हणजे हद्दीचा दगड किंवा गडग्याचं टोक, मूळ बिंदूवर आणा, त्याचे खरे आकडे लिहून ठेवा, आणि मगच प्रोजेक्टमध्ये घ्या. नव्या आवृत्त्यांत सर्व्हे पॉइंटची सोय आहे, तिथे खरे आकडे नोंदवता येतात आणि घर जवळच राहतं. आयात करताना एकक मीटर आहे की मिलिमीटर तेही पाहा. हजारपट फरक पडतो.

बाहेरून आणलेल्या वस्तू

तुळशीवृंदावन, कोरीव खांब, दगडी पाटा अशा वस्तू स्केचअपमधून किंवा कुठल्यातरी लायब्ररीतून आणल्या की बऱ्याचदा त्या घन नसतात, नुसते पत्रे असतात. अशा वस्तूनं कापता येत नाही, आणि तिला कापलं तर आतून पोकळ दिसते. तपासण्यासाठी तिची प्रत काढून मॉर्फमध्ये रूपांतर करा (मॉर्फ टूल आर्किकॅड १६ पासून आहे), मग डिझाइन मेनूत मॉडिफाय मॉर्फच्या आत चेक सॉलिडिटी चालवा. उघड्या कडा दाखवल्या जातात. भोकं 'कव्हर विथ फेस'नं बुजवा, आतले फालतू पृष्ठभाग पुसा, आणि सेटिंगमध्ये बॉडीचा प्रकार सॉलिड करा. भोकं वीसपेक्षा जास्त असतील तर दुरुस्ती सोडा. त्याच मापाचा साधा चौकोनी किंवा गोल ऑपरेटर काढा आणि कापाचं काम त्याला द्या. कोरीव खांबानं फरशी कापायची गरज कधीच नसते, खांबाच्या बैठकीएवढा चौकोन पुरतो.

एकेक चिरा सुटा काढून सॉलिड ऑपरेशननं सांधे पाडण्याचा प्रयत्नही करू नका. फाइल जड होते आणि नकाशात काही वाढत नाही. चिऱ्याचे थर सरफेसच्या टेक्श्चरमध्ये दाखवा.

दोषी सापडत नसेल तर

फाइलची प्रत सेव्ह करून तिच्यावर हे करा. सेशन रिपोर्टचं पॅलेट उघडं ठेवा, थ्रीडी पुन्हा तयार करा आणि काही संदेश येतो का पाहा. मग अडलेलं टार्गेट निवडा, त्याचे सगळे ऑपरेटर शोधा. ही सोय त्याच पॅलेटमध्ये आहे. ऑपरेटरचा लेयर आधी उघडा, कारण लपलेली वस्तू निवडता येत नाही. बारा ऑपरेटर असतील तर सहांचं नातं तोडा. दोष गेला तर तो त्या सहांत आहे, राहिला तर उरलेल्या सहांत. पुन्हा निम्मे करा. चार फेऱ्यांत एक नाव हाती येतं. त्या ऑपरेटरभोवती सेक्शन काढून वरच्या कारणांशी ताडून पाहा.

कापलेल्या जागेचा रंगच चुकीचा असेल, म्हणजे चिऱ्याच्या भिंतीवर कौलांचा लाल पट्टा आला असेल, तर ती चूक आकाराची नाही. पॅलेटमध्ये नव्या पृष्ठभागानं कोणाचे गुण घ्यायचे ते विचारलेलं असतं. ऑपरेटरऐवजी टार्गेटचे स्वतःचे गुण निवडा आणि पुन्हा एक्झिक्यूट करा.

भिंतीची प्रत काढून दुसऱ्या खोलीला वापरलीत तर प्रत निवडून तिचे ऑपरेटर आधी तपासा. नकळत राहिलेलं जुनं नातं महिन्यानं, छप्पर सरकवल्यावर उघड होतं.

काप कायमचा गोठवायचा असेल तर टार्गेट मॉर्फमध्ये बदला. मग ऑपरेटरची गरज राहत नाही. किंमत मोठी आहे: ती भिंत राहत नाही, तिच्यात दार-खिडकी बसत नाही, जाडी एका आकड्यानं बदलता येत नाही. पाखाडीच्या कठड्याला चालेल, माजघराच्या भिंतीला नको.

शेवटची तपासणी फाइल स्ट्रक्चरल इंजिनिअरला पाठवताना. आयएफसीच्या (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये मॉडेल नेण्याच्या सामायिक फाइल-प्रकाराच्या) एक्स्पोर्ट ट्रान्सलेटरमध्ये जॉमेट्री कन्व्हर्जनच्या खाली सॉलिड ऑपरेशनमधल्या वस्तूंसाठी वेगळा पर्याय असतो. तिथे नुसतं एक्स्ट्रूडेड निवडलेलं असेल तर तुमचे काप पलीकडे पोचत नाहीत: त्रिकोणी भिंत त्याच्याकडे ५.३ मीटरची चौकोनी होऊन उघडते आणि वजनाचा हिशेब तिच्यावरच होतो. बीरेप (वस्तूचे पृष्ठभाग कापासकट पाठवणारा पर्याय) निवडा, तयार झालेली फाइल एखाद्या फुकट व्ह्यूअरमध्ये स्वतः उघडा, आढं, पाखाडी आणि विहीर या तीन जागा फिरवून पाहा, आणि मग पाठवा.